हॅचबॅकचे ब्रेक घरी सुधारायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (बंद डबा, त्यात आतून लायनर घासतात) असलेल्या गाड्या धरून दिली आहेत: स्विफ्ट, वॅगनआर, टियागो, अल्ट्रोझ आणि त्यांच्या जातकुळीतल्या. बलेनो आरएस किंवा आय-ट्वेंटी एन लाइनसारखी चारही चाकांना डिस्क असलेली गाडी असेल तर ड्रमचा भाग सोडून वाचा. आजवर चाकही बदललं नसेल तर आधी सगळं वाचून घ्या, पाना नंतर उचला.

मोठ्या डिस्क, भारी पॅड टाकले की गाडी कमी अंतरात थांबेल का?

बहुतेक वेळा नाही. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो टायर. खात्री करायची असेल तर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, चाळीसच्या वेगात एकदा कचकन ब्रेक दाबा. पायाखाली एबीएस (चाकं अडकू न देणारी यंत्रणा) थरथरलं, तर तुमच्या आहे त्या ब्रेकमध्येच टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर आहे. डिस्क मोठी केली तर ती थरथर कमी जोर लावून सुरू होईल, एवढंच.

म्हणून आधी टायर बघा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद, पण पावसात त्याच्या बऱ्याच आधी पकड जाते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत पण रबर कडक, असे टायर कमी चाललेल्या गाड्यांवर सर्रास दिसतात. लोक पॅडवर पाच हजार घालवतात आणि गाडी आठ वर्षांच्या टायरवर फिरवतात.

मग ब्रेक सुधारून मिळतं काय?

उष्णता सोसण्याची ताकद, पेडलचा भरवसा आणि दर वेळी सारखाच लागणारा ब्रेक. शहरात रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याला यातलं पहिलं फारसं लागत नाही. घाटात उतरणाऱ्याला तेच लागतं.

घाट उतरताना ब्रेक ढिले का पडतात?

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. माणसं आणि सामान धरून गाडी १,२०० किलोची धरली, तर १०० च्या वेगातून पूर्ण थांबताना साधारण ४६० किलोज्यूल उष्णता तयार होते. आता महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. उंचीतला फरक साधारण १,३०० मीटर. तेवढं खाली येताना त्याच गाडीची सुमारे १५,३०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे १०० वरून तेहेतीस वेळा थांबण्याइतकी. थोडी वारा खातो, बरीचशी टायरचं घर्षण खातं. उरलेली एकतर इंजिनने खायची, नाहीतर तुमच्या पुढच्या दोन डिस्कनी.

इंजिनने खावी यासाठी खालचा गिअर. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही चुकत नाही. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून उतरणं थांबवा. ब्रेकचा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) इंजिनच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबेपर्यंत साठा संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंधन जवळजवळ घेतच नाहीत. म्हणजे वाचतही काही नाही.

ब्रेक ढिला पडलाच, तर तो कसा पडला हे पायाला कळतं, आणि त्यावरून इलाज ठरतो. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन आत जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. त्यातले वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि दाब पॅड ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत पोहोचत नाही. पहिल्यावर जास्त उष्णता सोसणारे पॅड हा उपाय आहे, दुसऱ्यावर ताजं ऑइल. दोन्ही वेळा त्या क्षणी करायचं एकच: खालचा गिअर, मोकळी जागा बघून थांबणं, आणि अर्धा तास चहा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकते किंवा तडकते.

सुरुवात कुठून करू?

टायर, ब्रेक ऑइल, पुढचे पॅड आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना, मागचे ड्रम, या क्रमाने. एवढं झाल्यावर शंभरातल्या नव्वद लोकांना पुढचं काही करावंसं वाटत नाही, असा माझा अंदाज. गाडी पाच-सात वर्षांची असेल तर कंपनीने दिली तेव्हा ब्रेक कसे लागत होते हे तुम्ही विसरलेले असता. ते परत आणणं हाच पहिला अपग्रेड.

ब्रेक ऑइल कोणतं घालू? डॉट ४ ऐवजी डॉट ५ चांगलं ना?

आकडा मोठा म्हणून डॉट ५ उचलू नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत त्याचं काम नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ ही एका घराण्यातली. मानकाप्रमाणे ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू डॉट ३ ला किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ ला २३० आणि डॉट ५.१ ला २६०. ही ऑइलं हवेतलं पाणी ओढतात. ३.७ टक्के पाणी मुरल्यावरचे आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८०. म्हणजे पाणी मुरलेलं महागडं डॉट ५.१ हे ताज्या साध्या डॉट ३ पेक्षा आधी उकळतं.

टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय ते घाला आणि दर दोन वर्षांनी बदला. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर दोन वर्षं म्हणजे दोनच. डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं. बाटली सीलबंद घ्या. गॅरेजच्या फळीवर पावसाळाभर अर्धी उघडी राहिलेली कोणी फुकट दिली तरी घालू नका. आणि हे ऑइल रंग खातं. बॉनेटच्या कडेवर थेंब पडला तर पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पॅड कोणते घ्यावेत?

कंपनीचे किंवा नावाजलेल्या उत्पादकाचे, अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउसला सगळं मिळतं, डुप्लिकेटसुद्धा. डब्यावरची छपाई पुसट, पॅडच्या पत्र्यावर ठसा नाही, किंमत निम्मी, तर तो माल परत ठेवा.

बऱ्याच पॅडच्या कडेवर उत्पादकाच्या संकेतांकानंतर दोन रोमन अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीएफ अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली घसरलेलं असेल तर तो पॅड तापल्यावर पकड सोडतो. टिकाऊपणा, धूळ किंवा आवाज याबद्दल ही अक्षरं काही सांगत नाहीत.

रेसिंगचे पॅड मात्र रस्त्यावर नकोत. ते तापल्याशिवाय नीट लागत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना समोर शाळेची रिक्षा आली तर तापवायला वेळ नसतो.

भोकांच्या किंवा खाचांच्या डिस्क घेऊ का?

दिसायला छान आहेत. भोकांमुळे डिस्कचं वजन थोडं घटतं, पण उष्णता साठवायला लोखंडही तेवढंच कमी होतं आणि जोरात वापरल्यास भोकांपासून चिरा जातात. खाचा पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, बदल्यात पॅड लवकर झिजवतात. रोजच्या गाडीला साधी, चांगल्या ओतकामाची डिस्क पुरते.

आहे ती डिस्क चालेल का, की बदलायची?

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मधल्या टोपीवर नाहीतर कडेला. मापताना कडेला उरलेली उंच कड धरू नका, जिथे पॅड घासतो तिथली जाडी घ्या. किमानाच्या खाली गेली की बदला. लेथवर घासून घ्यायचा सल्ला मिळेल. घासल्यावरही जाडी किमानाच्या वर राहणार असेल तरच तो ऐका. डिस्क नेहमी जोडीने बदलतात, पॅडही जोडीने. एकाच बाजूचं बदललं तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

पॅड घरी खरंच बदलता येतात? हत्यारं काय लागतात?

पुढचे पॅड येतात. सपाट, पक्की जमीन हवी. रॅम्पवर किंवा उताराच्या पार्किंगमध्ये हे काम काढू नका. जॅक, दोन जॅक स्टँड, गोटी पान्यांचा संच, टॉर्क रेंच, सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा कॅन, पिनांचं सिलिकॉन ग्रीस आणि थोडी तार. विटांच्या चळतीवर गाडी ठेवून खाली वाकणारे अजूनही दिसतात. वीट फुटते तेव्हा आधी सांगत नाही.

मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक, मग स्टँड. चाक काढून गाडीखाली ढकला, स्टँड सरकलाच तर गाडी त्यावर बसेल. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर वर उचलून पॅड निघतात. पूर्ण काढावा लागला तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका.

आता घाई न करता जुने दोन पॅड शेजारी-शेजारी धरून बघा. आतला खूप झिजलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, तर कॅलिपरची पिन जाम आहे. बोटाने पिन पुढे-मागे सरकवा. ती गुळगुळीत सरकायला हवी आणि किंचित हवेचा दाब जाणवायला हवा. कोरडी, तांबूस, खरखरीत पिन निघाली तर तुमच्या ब्रेकच्या तक्रारीचं मूळ बहुधा तिथेच आहे. घासून साफ करा, टोकाचं रबरी बूट फाटलंय का बघा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं ग्रीस लावलं तर ते रबर फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. नव्या पॅडपेक्षा या एका कामाने जास्त फरक पडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पिस्टन मागे दाबण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. मध्ये कधी वरून ऑइल ओतलं असेल तर पिस्टन दाबल्यावर ते उतू जाईल. थोडं सिरिंजने काढून घ्या. क्लॅम्प हळूहळू आवळा. धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या आणि बेनामी पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि क्लीनरने ओली करून पुसा.

सगळं बसवल्यावर चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळा. हॅचबॅकला तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

बसवून झालं. आता गाडी काढू?

थांबा. आधी पेडल पंप करा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-चार दाबांना पेडल थेट तळाला जातं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेणाऱ्याला भिंत थांबवते.

ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा घरी काढता येते का?

येते, दोन माणसं लागतात. चाकामागच्या निप्पलवर (हवा सोडायची बारीक तोटी) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निप्पल पाव फेरा उघडतो, बुडबुडे बाहेर येतात, निप्पल बंद, मगच पेडल सोडायचं. "दाब… धर… सोड" एवढे तीनच शब्द ठरवून घ्या. घरातलंच माणूस असेल तर या कामात आवाज चढतात, आधीच सांगून ठेवा.

टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नका, दर सात-आठ दाबांनी बघा. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत नेऊ नका. मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा भाग) आत न वापरलेला भाग खडबडीत झालेला असतो आणि त्यावर सील कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं. कोणत्या चाकापासून सुरुवात हे मॅन्युअल सांगेल. निप्पल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सहा कडांचा गोटी पानाच वापरा. तुटलेलं निप्पल काढणं हे घरचं काम नाही. एबीएसच्या युनिटमध्येच हवा गेली तर काही गाड्यांना स्कॅनर लागतो.

नवे पॅड पहिल्या दिवसापासून लागतील?

पॅड आणि डिस्कची ओळख व्हावी लागते. पहाटे मोकळा रस्ता गाठा. साठच्या वेगातून दहापर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा केलं की ब्रेक न वापरता पाच-सात किलोमीटर चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या पॅडवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकली का?

लोक असंच म्हणतात. बहुतेकदा वर सांगितलेला चिकटलेला थर कारण असतो, किंवा डिस्क ज्या हबवर बसते त्यावरचा गंज. हबवर कागदाइतका गंज राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते, फिरताना असमान झिजते, आणि काही हजार किलोमीटरनी थरथर सुरू होते. म्हणून नवी डिस्क बसवताना हबचा चेहरा वायर ब्रशने चकचकीत करा. गॅरेजमध्ये घाईच्या वेळी हेच राहून जातं.

चीं-चीं आवाज येतो?

पॅडच्या पाठीमागची पातळ पट्टी बसवलीय का, आणि पॅडच्या कानांना (खाचेत बसणाऱ्या दोन टोकांना) ब्रेकसाठीचं ग्रीस लावलंय का बघा. घर्षणाच्या पृष्ठभागावर ग्रीसचा ठिपकाही नको. पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या दोन ब्रेकना येणारी खरखर रात्रीच्या गंजाची असते, ती आपोआप जाते. धातूवर धातू घासल्यासारखा सततचा आवाज असेल तर गाडी तिथेच उभी करा.

मागच्या ड्रमचं काय करायचं? तिथे डिस्क बसवता येईल?

जोराच्या ब्रेकला भार पुढे झुकतो, त्यामुळे बहुतांश काम पुढची चाकं करतात. मागचा ड्रम तेवढ्यापुरता पुरेसा आहे. पण तो दुर्लक्षित असतो. उघडून आतली धूळ काढा, लायनरची जाडी बघा, लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का तपासा. ओल दिसली तर सिलिंडर बदलायला द्या. अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) मोकळा फिरला की पेडल बऱ्याचदा वर येतं आणि हँडब्रेकही सुधारतो. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू स्प्रिंगचा नकाशा म्हणून कामाला येते.

मागे डिस्क घरी बसवणं मी सुचवणार नाही. हँडब्रेकची जोडणी बदलते, एबीएसच्या सेन्सरची जागा बदलते आणि पुढे-मागे ब्रेकचा समतोल बिघडतो. मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकली तर गाडी गर्रकन फिरते. मोठ्या कॅलिपरचंही तसंच: पिस्टन मोठा झाला की त्याला ढकलायला जास्त ऑइल लागतं, मास्टर सिलिंडर तोच राहतो, आणि पेडल लांब, मऊ होतं. पैसे घालून ब्रेक वाईट करून घेतल्याची ही हमखास रीत. वर मोठी डिस्क मूळ रिममध्ये मावतेच असं नाही.

रबरी ब्रेक पाइपांऐवजी स्टीलच्या जाळीचे पाइप?

पेडल जरा कडक लागतं, थांबण्याचं अंतर तेच. रबरी पाइप दुमडून बघा. चिरा दिसल्या किंवा फुगवटा असेल तर बदला, कंपनीचा रबरीसुद्धा चालेल.

माझ्या जुन्या गाडीला एबीएस नाही. मी काय करू?

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच हॅचबॅकना ते नाही. अशा गाडीत फार चावरे पॅड टाकले तर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर अडकतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. कंपनीच्या दर्जाचेच पॅड आणि चांगले टायर, याच्या पुढे जाऊ नका.

आरटीओ किंवा विम्याची अडचण येईल?

त्याच मापाचे पॅड, डिस्क, लायनर, ऑइल बदलणं ही देखभाल आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांना आडवं येतं. वेगळ्या गाडीचे कॅलिपर किंवा मागे डिस्क असा बदल असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर ब्रेकला घरी हात लावण्याआधी पुस्तिका वाचा.

कोणत्या वेळी काम थांबवून मेकॅनिकला बोलवायचं?

पिस्टन दाबून मागे जात नसेल, बोल्टची आटी गेली असेल, हवा काढूनही पेडल मऊच राहिलं असेल, एबीएसचा दिवा पेटला असेल किंवा कुठेही ऑइल पाझरताना दिसलं असेल तेव्हा. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

काढलेलं जुनं ब्रेक ऑइल कुठे टाकू?

मोरीत किंवा गटारात नाही. झाकणाच्या बाटलीत भरा, वर नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. तिथेही इंजिन ऑइलच्या पिंपात ओतू नका, वेगळं द्या.